किल्ल्यावरचा तांबडा घोडा

वाचकहो, दर दिवाळीला या पानावर मी एखादा घरगुती उद्योग सांगत असते. यंदाचा उद्योग मात्र शेजारच्या सात वर्षांच्या मुलाकडून शिकलेला.

त्याचे वडील मागल्या वर्षी श्रावणात गेले. त्यामुळे दिवाळीत त्या घरी ना कंदील, ना तळणीचा वास. रीतीप्रमाणे आम्ही फराळाचे ताट पोहोचवले. खाली अंगणात मुलांनी किल्ल्याची माती कालवली, तेव्हा हा जिन्यातच बसून राहिला. "काकू, आमच्याकडे यंदा किल्ला नाही करायचा," एवढेच म्हणाला.

मी त्याला घरात घेऊन आले. माझ्याकडे पाइप क्लीनरचे एक पुडके होते. तंबाखूच्या पाइपची नळी साफ करण्यासाठी निघालेली ही केसाळ तार. दोन बारीक तारांच्या पिळात धागे धरलेले असतात. त्यामुळे ती वाकवावी तशी वाकते आणि तशीच राहते. हल्ली स्टेशनरीच्या दुकानात ती रंगीत, फूटभर लांबीची मिळते.

घोड्याला तीन तारा पुरतात. पहिलीचे एक टोक चार बोटे दुमडून पिळा, ते डोके. पुढे तीन बोटे मान, पाच बोटे पाठ, उरलेले शेपूट. दुसरीचे दोन सारखे तुकडे करा. एक मानेपाशी, एक शेपटापाशी मधोमध गुंडाळून टोके खाली सोडा, झाले पाय. तिसरीतून कानांपुरता तुकडा काढून उरलेली तार पाठीवर दाट गुंडाळा. पोट भरते, शिवाय पाय सरकत नाहीत. डोळ्यांना डिंकाने मोहरी चिकटवा. तारेची टोके बोचतात, म्हणून ती आत वळवा. आणि कात्री जुनी घ्या बरं का, चांगलीची धार जाते!

त्याच्या घोड्याचे पुढचे पाय गुडघ्यात वाकले होते. माझा हात सवयीने ते सरळ करायला गेला. त्याने घोडा मागे ओढला.

"असू दे काकू. तो लांबून आलाय. दमलाय."

मी हात मांडीवर ठेवले, ते संध्याकाळपर्यंत. त्याने मग एक कुत्रा केला, एक हरीण केले. कुणाचे पाय आखूड, कुणाचे कान लांब. मी काही सुधारले नाही.

दिवे लागल्यावर तो घोडा घेऊन खाली गेला. "किल्ला तुमचा, घोडा माझा. चालेल?" मुलांनी मावळे सरकवून महादरवाजाशीच जागा करून दिली.

एक सांगायचे राहिलेच. आतली तार लोखंडी असेल तर ओल्या मातीत गंजते. प्राण्यांच्या पायाखाली चपटा दगड ठेवावा. आमच्या घोड्याखाली तो ठेवला त्याच्या आईने. कितीतरी दिवसांनी ती जिना उतरून खाली आली होती.