'मार्मिक'च्या वारसांनो, हसायला काय झालं?

आमच्या घरी 'मार्मिक' यायचं. आधी व्यंगचित्रं, मग बाकीचं. त्यामुळे हे लिहायचा हक्क आहे असं समजतो.

१३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब आणि श्रीकांत ठाकरे या भावांनी ते काढलं. प्रकाशनाला कोण? मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण! ज्यांची खिल्ली उडणार त्यांच्यातलाच पहिला माणूस. 'वाचा आणि थंड बसा'मधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या वाचून पोरं पेटली आणि १९ जून १९६६ ला त्याच वाचकांतून शिवसेना झाली. व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून निघालेला पक्ष आहे हा, राव!

आणि २३ मार्च २०२५? आमच्या खारदांड्यापासून हाकेच्या अंतरावर, खारमध्ये, शिंदेंच्या शिवसैनिकांनी 'हॅबिटॅट' स्टुडिओ फोडला. कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन गायलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पालिका हातोडे घेऊन हजर, आणि पकडलेले कार्यकर्ते त्याच दिवशी जामिनावर बाहेर.

कामराची पातळी घसरली म्हणता? घसरली असेल. 'मार्मिक'ने अत्र्यांना काय गुलाबपाणी शिंपडलं होतं? झोंबलं तर कुंचला उचला, उलट विडंबन करा. खुर्च्या कसल्या फोडता?

'मार्मिक'चे जुने अंक माझ्याकडे आहेत. फोडणाऱ्यांपैकी कुणाला वाचायचे असतील तर दांड्यात या, चहा पाजून देतो.