फरक कोठे आहे?

हाताने खातेवह्या लिहिण्याच्या काळात ज्यांनी बँकेत नोकरी केली, त्यांना ‘फरक’ या शब्दाचे भय निराळे समजावून सांगावे लागत नाही. महिनाअखेरीस खात्यांच्या बाकींची बेरीज जनरल लेजरशी जुळेना, की शाखेतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत. आमचे हेडक्लार्क अशा वेळी नवख्यांना सांगत, “वह्या उलटसुलट चाळू नका. आधी फरकाकडे नीट पाहा. त्याला 9 ने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी. 63 च्या जागी 36 पडले, की फरक 27 येतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. नावेची रक्कम जमेला पडली असेल.” हे धडे निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर गिरवावे लागतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आमच्या चिरंजीवांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. दिवसा दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या होतात आणि रात्री घरच्या संगणकावर मी त्यांच्या नोंदी टॅलीमध्ये करतो. मार्च महिना म्हणजे हळदीची आवक जोरात आणि वर्षअखेर तोंडावर. नेमक्या त्याच दिवसांत संगणक काम चालू असताना अचानक निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. प्रथम आठवड्यातून एकदा, मग रोज एकदा आणि पुढे दिवसातून तीन-तीन वेळा.

दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने पाच मिनिटांत निदान केले : “काका, व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाकू.” घरात संशयाची सुई नातवाकडे वळली. संक्रांतीच्या सुमारास त्याने संगणकावर एक खेळ घेतला होता. चिरंजीव त्याला रागावले. मीही “तरी मी म्हणत होतोच” असे एक वाक्य बोललो. मुलाने मान खाली घातली आणि त्या दिवसापासून तो संगणकाच्या खोलीत पाऊल टाकीनासा झाला.

त्या रात्री मला जुने हेडक्लार्क आठवले. फॉरमॅट करणे म्हणजे फरक सापडत नाही म्हणून वहीच जाळून टाकणे. मी तरुणाला थांबण्यास सांगितले आणि एक कोरी वही काढली.

पहिले काम बॅकअपचे. टॅलीचा सर्व डेटा मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. परंतु जुन्या बॅकअपवर तो चढविला नाही, निराळ्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवला. याचे महत्त्व पुढे कळेल.

दुसरे काम नोंदीचे. निळा पडदा येताच संगणक आपोआप पुन्हा सुरू होत असे व त्यावरील मजकूर वाचता येत नसे. विंडोजच्या ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढली, की पडदा तसाच थांबतो. मग प्रत्येक वेळी मी तारीख, वेळ, कोणते काम चालू होते आणि पडद्यावर कोणता संकेत आला, हे वहीत लिहू लागलो. चार दिवसांत चित्र उमटले. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यांदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तिसऱ्यांदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. दर वेळी तोच संकेत आणि त्याच फाइलीचे नाव आले असते, तर एखाद्या ड्रायव्हरवर संशय घेता आला असता. संकेत असे बदलते राहिले, की यंत्राच्या एखाद्या भागाकडे, त्यातही मेमरीकडे प्रथम पाहावे.

विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची सोय आहे. सर्चच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केले, की ती सापडते. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम बसविला आणि कोणत्या दिवशी संगणक कोसळला, याची ती रोजकीर्दच होय. खेळ जानेवारीच्या मध्यास आलेला, तर पहिली लाल फुली फेब्रुवारीच्या अखेरीस. मधले सहा आठवडे निर्विघ्न. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद पुनःपुन्हा दिसे. तिला पाहून अनेक जण पॉवर सप्लाय बदलतात. पण ती नोंद एवढेच सांगते, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. चेक परत आला हे तिच्यावरून समजते, का आला ते समजत नाही.

मग एकेक शक्यता तपासली. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा नियम ठेवला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही. उष्णतेचा संशय घेऊन पंख्यातील धूळ काढली. फरक पडला नाही. वहीतही सकाळच्या थंड वेळी दहा मिनिटांत बंद पडल्याच्या नोंदी होत्याच. ‘चेकडिस्क’ने हार्ड डिस्क तपासली, दोष निघाला नाही. विंडोजची स्वतःची मेमरी-चाचणी केली, तीही निर्दोष आली. तरीही समाधान न झाल्याने पेन ड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट86’ रात्रभर चालविले. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग होती.

मग मला आठवण झाली आणि बिलांची फाइल काढली. संगणक सावकाश चालतो म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मीच 4 जीबीची एक वापरलेली रॅम स्वस्तात बसवून घेतली होती! ती काढून ठेवली. आठ दिवस संगणक एकदाही अडला नाही. दोष खाचेचा तर नाही ना, म्हणून तीच रॅम जुन्या रॅमच्या खाचेत एकटी लावून पाहिली. त्याच संध्याकाळी निळा पडदा हजर. म्हणजे खाच चांगली, रॅम सदोष. फॉरमॅट केले असते, तर सर्व नोंदी पुसल्या गेल्या असत्या आणि सदोष रॅम जागच्या जागी राहिली असती.

व्यापारी वाचकांनी येथे थोडे थांबावे. संगणक बंद पडणे हे सदोष रॅमचे दिसणारे नुकसान. न दिसणारे नुकसान असे, की तिच्यातून जाणारा आकडा बिघडून डिस्कवर लिहिला जाऊ शकतो, आणि मग त्या दिवसांतील बॅकअपही विश्वासार्ह राहत नाही. म्हणून जुने बॅकअप पुसू नयेत. माझ्याजवळ 15 फेब्रुवारीचा, म्हणजे रॅम बसविण्यापूर्वीचा बॅकअप होता. तो निराळ्या फोल्डरमध्ये उघडून त्या तारखेचा ट्रायल बॅलन्स चालू डेटाशी ताडून पाहिला. पैशापर्यंत जुळला. त्यापुढील नोंदी मात्र कागदी पट्ट्यांवरूनच तपासणे भाग होते.

मी नातवाला हाक मारली. प्रथम त्याला वही, ती लाल ओळींची छायाचित्रे आणि माझ्या नावाचे रॅमचे बिल दाखविले. “दोष माझ्या खरेदीचा होता, बोलणी तू खाल्लीस. माझे चुकले,” असे त्याच्या वडिलांसमोर सांगितले. त्यांनीही त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो काही बोलला नाही, खुर्ची ओढून शेजारी बसला. तीन संध्याकाळी त्याने पट्ट्या वाचल्या आणि मी पडद्यावर खुणा केल्या.

तिसऱ्या दिवशी एक पट्टी अडली. कागदावर 37,810, टॅलीत 37,180. मी म्हणालो, “सापडली! ही त्या रॅमची करामत.” नातवाने कागदावर वजाबाकी केली. “आजोबा, फरक 630. याला 9 ने भाग जातो. तुम्हीच सांगितले होते ना?”

ती चूक संगणकाची नव्हती; माझ्या बोटांची होती. एका शेतकऱ्याच्या खात्यात 630 रुपये कमी जमा दिसत होते. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी ती नोंद दुरुस्त करून त्याला पूर्ण रक्कम चुकती केली. त्या कोऱ्या वहीत शेवटची नोंद नातवाने आपल्या अक्षरात लिहिली आहे : तारीख, वेळ, फरक आणि कारण.