विश्लेषण : बासमतीचे खरे नातेवाईक कोण? भाताची कुळे एन्झाइममुळे कशी उलगडली?

बासमती या नावावर हक्क कोणाचा, हा भारत-पाकिस्तान वाद युरोपीय संघापर्यंत पोहोचला. देशातही मध्य प्रदेश भौगोलिक मानांकनात वाटा मागत आला आहे. हा नकाशाचा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. बासमती मुळात कोणत्या कुळातला?

एन्झाइमवरून नाते कसे कळते?
एकच काम करणाऱ्या एन्झाइमची वेगवेगळ्या जातींत थोडी निराळी रूपे असतात. जनुक बदलले की प्रथिनावरचा विद्युतभार बदलू शकतो. कोवळ्या रोपाचा रस स्टार्चच्या जेलमध्ये ठेवून वीजप्रवाह सोडला की ही रूपे कमी-अधिक अंतर सरकतात. रंग दिल्यावर पट्टे दिसतात. दाण्याची लांबी किंवा रोपाची उंची शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या निवडून घडवलेली असते. पट्टे पाहून मात्र कोणी बियाणे राखलेले नाही. म्हणूनच ही साक्ष अधिक भरवशाची.

काय सापडले?
१९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० जनुकस्थानांच्या अभ्यासाने आशियाई भात (ओरायझा सटायव्हा) आणि पश्चिम आफ्रिकेतील भात (ओरायझा ग्लॅबेरिमा) स्वतंत्रपणे माणसाळवले गेल्याचे दाखवले. १९८७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-ख्रिस्तोफ ग्लाझमान यांनी १,६८८ आशियाई जाती १५ जनुकस्थानांवर तपासल्या. इंडिका आणि जॅपोनिका या ढोबळ विभागणीऐवजी सहा गट पुढे आले. लांब, सडपातळ दाण्यामुळे इंडिका वाटणारा बासमती निघाला वेगळ्याच, पाचव्या गटात. थायलंडचा जास्मिन मात्र इंडिकाच.

मग सुगंध सारखा कसा?
गंमत म्हणजे इथेही एन्झाइमच आहे. ‘बीएडीएच२’ हे एन्झाइम निकामी झाले की दाण्यात सुगंधी द्रव्य साठते. बासमती आणि जास्मिन दोघांतही हा बिघाड आहे. त्यामुळे केवळ वासावरून कूळ ठरत नाही.

शेतीत फरक काय पडला?
बुटका आयआर-८ १९६६ मध्ये आला. पण बुटका ‘पुसा बासमती १’ प्रसारित व्हायला १९८९ उजाडले. बासमतीचा इंडिकाशी संकर केला की संततीत वांझ दाणे वाढतात, दाण्याची प्रतही टिकत नाही. कुळे दूरची असल्याचा हा परिणाम.

मर्यादा कोणत्या?
जनुकातील प्रत्येक बदलाने विद्युतभार बदलत नाही, त्यामुळे सख्खी भावंडे या पद्धतीने वेगळी ओळखता येत नाहीत. भेसळ पकडण्यासाठी आता डीएनए चाचणीच लागते. तरीही २०१८ मध्ये ३,०१० जातींच्या जनुकसंचाच्या अभ्यासात बासमतीचा गट वेगळाच राहिला. २०२० च्या संशोधनानुसार तो जॅपोनिका आणि बंगालकडील औस यांच्या संकरातून आलेला आहे. मानांकनाचा वाद त्याने सुटणार नाही, कारण कायदा कूळ नव्हे, तर प्रदेश आणि लौकिक पाहतो.