उडी मारली की मारली

‘कॅसलवेनिया’ या व्हिडिओ गेममधला सायमन बेलमाँट एकदा उडाला की हवेत त्याचं काही चालत नाही. त्याच काळातल्या मारिओला हवेतल्या हवेत मागे वळवता येतं, सायमनला नाही. जमिनीवरून पाय सुटले की ठरलेल्या कमानीतूनच तो खाली येणार, मग खाली फरशी असो की खड्डा. त्याचा चाबूकही बटण दाबताक्षणी लागत नाही. आधी हात मागे जातो, मग फटका बसतो. गेल्या आठवड्यात हा खेळ पुन्हा खेळायला घेतला आणि पटलं, की यातली सगळी भीती या दोन गोष्टींत आहे.

कोनामी कंपनीनं तो १९८६ मध्ये जपानात फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी आणला. त्यातला मालमसाला बहुतेक जुन्या हॉलिवूड भयपटांचा: मेड्युसा, ममी, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि शेवटी ड्रॅक्युला. शीर्षकाच्या कडेला फिल्मची भोकंही काढली आहेत. ती जाडजाड ठिपक्यांची चित्रं पाहून आज कुणी दचकणार नाही. पण ‘मृत्यू’ नावाच्या बलाढ्य शत्रूच्या दालनाकडे जाणाऱ्या कॉरिडॉरमध्ये माझे तळवे अजूनही ओले होतात.

पंधराव्या टप्प्यातली ही जागा. समोरून चिलखती शिपाई कुऱ्हाडी फेकतात, आणि त्या फिरून त्यांच्याच हातात जातात. त्याच वेळी मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत अंगावर येतात. कुऱ्हाड चुकवायला उडावं तर मुंडकं लागतं, सायमन मागे फेकला जातो आणि जीवाच्या पट्टीतला मोठा लचका जातो. इथे बोटांच्या चपळाईपेक्षा डोकं लागतं. बटण दाबण्याआधी पुढचा क्षण दिसावा लागतो. मेणबत्त्या फोडून मिळणारे लाल बदाम जीव वाढवत नाहीत, ते दुय्यम हत्यारांवर खर्च होतात. म्हणून पवित्र पाण्याची कुपी या कॉरिडॉरसाठी जपावी: एका बदामाला एक कुपी, आणि तिच्या ज्वाळेत शिपाई जागीच खिळतो. पुढे खुद्द मृत्यूलाही ती लागू पडते. पण वाटेत मेलात तर कुपी गेली, वाढवलेला चाबूकही गेला.

२०१९च्या ‘कॅसलवेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये खेळ कुठेही सेव्ह करता येतो. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी ती सोय खुशाल वापरावी. मी मात्र तिला हात लावला नाही. उडी मागे घेता येऊ लागली, की सायमनच्या त्या जड पावलांना अर्थच उरत नाही.

आणि मेल्यावर पुन्हा उभं राहायला लावतं ते संगीत. पहिल्या टप्प्याची ‘व्हँपायर किलर’ ही धून भुताखेतांच्या वाड्यात शोभेल अशी कण्हणारी नाही. ती ताठ मानेनं, भरभर चालते. मोजक्या आवाजांच्या त्या यंत्रात बेसची ओळ अशी धावते, की थांबायची सोयच राहत नाही. ही किमया किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांची. यामाशिता तेव्हा कोनामीत नुकत्याच लागल्या होत्या. ड्रॅक्युलाला हरवल्यावर श्रेयनामावलीत मात्र संगीतकार म्हणून दिसतो ‘जेम्स बनाना’. हॅमर स्टुडिओच्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटाचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ही कोटी. कोटी चांगलीच आहे, पण तिथे त्या दोघींची नावं हवी होती.