रेझांग लाचे साक्षीदार

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी लडाखमध्ये रेझांग लाच्या नव्या स्मारकाचे लोकार्पण झाले. त्या वेळी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह स्वतः ब्रिगेडियर आर. व्ही. जटार यांची चाकाची खुर्ची ढकलत स्मारकापाशी गेले. जटार १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात १३ कुमाऊं पलटणीत होते. त्या क्षणाचे छायाचित्र देशभर पाहिले गेले आणि ते पाहून अनेकांना भरून आले. त्या भावनेत खोटे काही नव्हते. मात्र आपल्या पलटणीतल्या मृतांची आठवण साठ वर्षे जपणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटणे एवढ्यावर आपण थांबतो, ते पुरेसे नाही. अशा माणसाची निष्ठा ही मुळात साक्ष असते, आणि साक्ष नोंदवून घेणे हे समाजाचे आणि सरकारचे काम आहे. ते आपण फार थोडे केले आहे.

रेझांग लाची हकीकतच याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. चुशुलच्या रक्षणासाठी सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या या खिंडीत १३ कुमाऊंची, मेजर शैतान सिंग यांच्या हाताखालची चार्ली कंपनी होती. सुमारे १२० जण, बहुतेक हरियाणातल्या रेवाडी, गुडगाव, महेंद्रगड भागातले अहीर. मधे डोंगर आडवा असल्याने आपल्या तोफखान्याची मदत त्यांना मिळू शकत नव्हती. हातात जुन्या ३०३ रायफली आणि अंगावर त्या थंडीला न पुरणारे कपडे. १८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे हल्ला सुरू झाला आणि त्यात ११० हून अधिक जवान मारले गेले. जे मोजके वाचले त्यांनी मागे येऊन सांगितले, की कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसेना. पराभवाच्या त्या दिवसांत एवढ्या पराक्रमाची गोष्ट खरी मानायची कुणाची तयारी नव्हती. फेब्रुवारी १९६३ मध्ये एक मेंढपाळ त्या बाजूला गेला आणि बर्फात गोठलेली प्रेते सापडली. जवान आपापल्या मोर्च्यात, हातात शस्त्र घेतलेल्या अवस्थेत होते. उखळी तोफांच्या सुमारे हजार गोळ्यांपैकी सातच शिल्लक होत्या. शुश्रूषा करणाऱ्या सहायकाच्या हातात इंजेक्शनची सिरिंज तशीच होती. मेजर शैतान सिंग यांचा देहही मिळाला. त्यांना परमवीरचक्र आणि इतर आठ जणांना वीरचक्र देण्यात आले. तीन महिने खोटी मानली गेलेली साक्ष त्या बर्फाने खरी ठरवली. ती प्रेते सापडली नसती, तर या माणसांना पळपुटे ठरवूनच इतिहास पुढे गेला असता.

वाचलेल्यांपैकी रामचंदर यादव हे कंपनीचे रेडिओ ऑपरेटर होते. जखमी मेजरसाहेबांना घेऊन आपण कसे निघालो, हे ते पुढे अनेक दशके ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले. निहाल सिंग चिन्यांच्या तावडीत सापडून निसटले होते, तेही सांगत राहिले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या म्हाताऱ्याला घरात आणि गावात कंटाळून ऐकले जाते. पण ज्याच्यावर एकदा अविश्वास दाखवला गेला, त्याला मेलेल्या सोबत्यांची बाजू मांडणे कधीच संपवता येत नाही, हे समजून घ्यायला हवे.

यावर पहिला आक्षेप स्मृतीच्या भरवशाचा असतो. साठ वर्षांनी माणूस जे सांगतो त्यात ऐकीव आणि वाढीव गोष्टी मिसळतात. हे खरेच आहे. रेझांग लाच्या मृतांचा आकडा वेगवेगळ्या वृत्तांतांत वेगवेगळा सापडतो, आणि चीनचे किती सैनिक पडले याचे जे मोठमोठे आकडे सांगितले जातात त्यांना ठोस आधार नाही. म्हणून तर साक्ष वेळीच आणि नीट नोंदवायची असते, म्हणजे ती इतर कागदपत्रांशी ताडून पाहता येते. शत्रूचे किती मेले हे मोर्च्यातला जवान सांगू शकणार नाही, पण शेजारच्या मोर्च्यात कोण होता, तो कधी आणि कसा पडला, हे त्याच्याइतके कुणालाच सांगता येत नाही. अडचण कागदपत्रांच्या बाजूनेही आहे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला, तो सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. युद्धांचे इतिहास पाच वर्षांत लिहावेत आणि नोंदी साधारण पंचवीस वर्षांत खुल्या कराव्यात, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने याची गरज मांडली होती, त्याला तोवर दोन दशके उलटली होती.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हुतात्म्यांच्या आठवणी जागवत राहिल्याने युद्धाचे गोडवे गायले जातात आणि राजकारण्यांना आयते भांडवल मिळते, असे अनेक विचारी लोक म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण तिच्यावरचा उतारा त्या सैनिकांच्याच बोलण्यात सापडतो. फलकबाजीला ‘शूर’ एवढा एक शब्द पुरतो, तर सोबत्यांच्या आठवणीत कुडकुडणारी बोटे, अपुरी हत्यारे आणि तोफखान्याविना सोडलेले ठाणे येते. रेझांग लाचे सगळे खरे सांगायचे तर ते ठाणे तसे का उभारले गेले, हेही विचारावे लागते. मृतांशी एकनिष्ठ असलेला माणूस सत्ताधाऱ्यांना सोयीचा असेलच असे नाही, आणि त्यामुळे त्याचे बोलणे ऐकून घेणे अधिकच आवश्यक आहे.

अशी साक्ष नोंदवण्याचे काम इतरत्र झाले आहे. ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७० च्या दशकापासून सैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. अमेरिकेच्या संसदेने २००० साली कायदा करून तेच काम लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवले. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, सांगलीसारख्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत गेली आहेत, आणि या जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. माजी सैनिक आणि वीरपत्नी तिथे कामासाठी येतच असतात. त्यांच्यापर्यंत पोचायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. जवळच्या महाविद्यालयातला इतिहास विभाग आणि एक साधा ध्वनिमुद्रक एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. प्रश्नही सोपे हवेत: तुमच्या शेजारी कोण होता, तो कुठल्या गावचा, तुम्ही त्याला शेवटचे कधी पाहिले? सुरुवात १९६२ आणि १९६५ च्या जवानांपासून व्हावी. बासष्टच्या लढाईत अठरा वर्षांचा असलेला पोरगाही आज ऐंशीच्या पुढे गेला आहे.