आधी अंगाखालचं बघा, मग डोक्यावरचं

पिकअप दारात उभी राहिली की महिन्या-दोन महिन्यांत घरात विषय निघतोच: हॉटेलं कशाला हवीत, गाडीतच झोपू की! विचार चांगला आहे. भंडारदऱ्याच्या काठावर, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीत आपल्याच गाडीच्या हौद्यात रात्र काढण्यासारखं सुख नाही. मात्र पुढचं पाऊल बहुतेक जण चुकीच्या दिशेने टाकतात. मोबाईलवर व्हिडिओ पाहतात, टपावर उघडणारा तंबू मनात भरतो आणि गाडीत एक रात्रही झोपण्याआधी मोठी रक्कम त्यावर खर्च होते. तुम्ही त्या बेतात असाल तर कृपा करून थोडं थांबा. झोप बिघडते ती अंगाखालच्या गारव्याने, ओलीने, उतारामुळे आणि कोंदटपणामुळे. छत कितीही भारी घेतलंत तरी यातलं फारसं काही सुटत नाही.

पहिलं काम फुकटचं आहे. टेप घ्या आणि हौदा मोजा. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या चार दारांच्या गाडीचा हौदा लांबीला जेमतेम पाच फूट भरतो. रुंदी तेवढीच दिसते, पण चाकांवरचे दोन उंचवटे आत आल्यामुळे तळाशी मोकळी जागा साडेतीन-पावणेचार फूटच उरते. पाच फूट आठ इंचांच्या माणसाने त्यात सरळ पडायचं तर फाळका खाली पाडून पाय त्यावर घ्यावे लागतात. फाळका दोन पट्ट्यांवर तोललेला असतो, म्हणून डोकं केबिनकडे आणि पाय फाळक्यावर अशीच रचना ठेवा. दोन माणसांच्या धडाचा भार त्यावर नको. बोलेरो पिकअपवाल्यांची गोष्टच वेगळी. आठ-नऊ फुटांचा सपाट हौदा असतो, दोन माणसं ऐसपैस झोपतात आणि पायाशी सामानही मावतं. ज्या गाडीला आपण मालाची गाडी म्हणतो ती झोपायला या महागड्या गाड्यांपेक्षा सरस आहे. टोमॅटो नाहीतर कांदा घेऊन बाजार समितीच्या आवारात रात्र काढणारे शेतकरी आणि ड्रायव्हर हे कधीपासून जाणून आहेत. खाली रिकामी पोती, त्यावर गोधडी, वरून ताडपत्री, एवढ्यावर त्यांचं भागतं. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललात तर कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

व्हिडिओंबद्दल आणखी एक सांगतो. त्यातले पुष्कळसे अमेरिकेतले असतात. तिथे फोर्ड एफ-150 सारख्या गाडीला साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी हौदे मिळतात, आणि त्यातल्या कितीतरी रात्री ॲरिझोना-युटाच्या कोरड्या हवेत काढलेल्या असतात. आपली मापं वेगळी, हवा वेगळी आणि जमिनीवर फिरणारे जीवही वेगळे.

या जीवांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. महाराष्ट्रात हौद्यात झोपण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली माणसं तिच्या दंशाला जास्त बळी पडतात. तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा आवळल्यासारखा होतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे अपचनाचं औषध शोधत बसतात. असं काही दिसलं तर जखमेची खूण शोधण्यात वेळ न घालवता प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तडक न्या. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. कोकणात सापांच्या जोडीला लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुजवण्याआधी त्याच्या दंशाने किती माणसं दगावत होती, हे तिथली जुनी माणसं सांगतात. जमिनीपासून अडीच-तीन फूट वर असलेला लोखंडी हौदा या दोन्हींपासून तुम्हाला बरंच दूर ठेवतो. त्यात मच्छरदाणी बांधून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर डास थांबतात आणि साप-विंचूही आत शिरत नाहीत. म्हणून जून ते ऑक्टोबर जमिनीवरचा तंबू नकोच असं मी स्पष्ट सांगेन. काढून ठेवलेले बूट मात्र वर घ्या आणि सकाळी झटकूनच पायात घाला.

बिबट्याचंही भान असू द्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसाच्या फडाशेजारी गाडी लावून उघड्या हौद्यात झोपू नका. तिथे केबिन बंद करून सीट मागे पाडून झोपलेलं बरं, नाहीतर सरळ एखाद्या घराच्या अंगणात परवानगी घेऊन गाडी लावा. लोक नाही म्हणत नाहीत.

आता अंगाखालचं. हौद्याचा पत्रा वरून गार हवेला उघडा आणि खालूनही उघडा. जमीन दिवसाची ऊब थोडी तरी धरून ठेवते, पत्रा सूर्य मावळताच थंड पडतो. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा अंगावर दोन रजया घेऊनही पाठ गारठते. कारण पाठीखाली दबलेला कापूस ऊब देत नाही. ऊब असते ती कापसात अडकलेल्या हवेत, आणि आपल्या वजनाने ती हवा निघून जाते. स्लीपिंग बॅगचंही तेच होतं. म्हणून पैसा घालायचाच असेल तर पहिला रुपया अंगाखाली घाला.

फुगवायची साधी गादी दुकानात सगळ्यात मऊ लागते, पण थंडीत ती सगळ्यात वाईट. आतली हवा इकडून तिकडे खेळते आणि अंगातली ऊब खाली पत्र्याला नेऊन देते. शिवाय मध्यरात्री वाल्व सैल झाला की सकाळपर्यंत तुम्ही पत्र्यावरच. त्यापेक्षा बंद पेशींचा फोम घ्या, म्हणजे योगासनाच्या मॅटसारखा पण जाड, पाणी न पिणारा. त्यावर सतरंजी आणि सतरंजीवर घोंगडी. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून धनगरांनी तिच्यावर पिढ्या काढल्या. जेन किंवा काठीची घोंगडी आज पट्टणकोडोलीच्या यात्रेतही मिळेल आणि सोलापूरकडच्या बाजारातही. ती टोचते, म्हणून तिच्यावर सुती चादर. दुकानातली तयार गादी घ्यायची असेल तर तिच्यावर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा पाहा. हा आकडा उष्णता किती अडते ते सांगतो. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दोन-तीन पुरे, लडाख-स्पितीला चार किंवा जास्त हवा. दोन थर एकावर एक टाकले तर आकड्यांची बेरीज होते, हे लक्षात ठेवा; दुसरी स्वस्त मॅट महागड्या गादीइतकं काम करते.

स्लीपिंग बॅग घेताना मोठ्या अक्षरांतला आकडा सोडा. लेबलवर तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे माणूस जेमतेम जिवंत राहील असं तापमान, झोपेशी त्याचा संबंध नाही. फक्त कम्फर्ट पाहा.

उन्हाळ्यात सगळं उलटं. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात अंगाखाली हवा खेळलेली चांगली, म्हणून लांब हौद्यात घडीची खाट टाकली तर फोमपेक्षा सुख लागतं. हीच खाट थंडीत टाकाल तर रात्रभर कुडकुडाल.

चाकांच्या उंचवट्यांवरून प्लायवूडची फळी टाकून सपाट बिछाना करणं हा लहान हौद्यावरचा चांगला उपाय आहे. खाली सामान मावतं आणि पूर्ण पाच फूट रुंदी मिळते, म्हणजे तिरकं झोपायलाही जागा होते. 18 मिलिमीटरचा आठ बाय चारचा अख्खा तुकडा तीस किलोच्या वर भरतो, 12 मिलिमीटरचा बावीसच्या आसपास. खालून दोन-तीन आडवे टेकू दिलेत तर बाराचा पुरतो. फळीला भोकं पाडून घ्या, नाहीतर घाम आणि गारवा मिळून गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. आणि सुताराला काम देण्याआधी एक गोष्ट करा. हौद्यावर बंद कॅनपी बसवली असेल, तर फळीच्या उंचीची पेटी आत ठेवून तिच्यावर ताठ बसून पाहा. पुष्कळदा फळी टाकल्यावर डोकं छताला लागतं, आणि पावसात चार तास आडवंच पडून राहावं लागतं. मी तरी अशा वेळी फळीचा मोह सोडून तळाशीच झोपेन.

डोक्यावर काय, हे शेवटी येतं. कोरड्या हिवाळ्यात ताडपत्री एका बाजूने तिरकी बांधली तरी दव अडतं. कॅनपी मजबूत, पण आत झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पेल्या-दोन पेल्यांएवढी वाफ सोडतात. ती गार छताला लागून पहाटे तोंडावर ठिबकते. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, थंडी असली तरी. टपावरचा तंबू पन्नास ते सत्तर किलोंचा असतो. घाटातल्या वळणावर हे वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी असतं, आणि टपाची मर्यादा सांगणारा गाडीच्या पुस्तिकेतला आकडा कॅरिअर धरून असतो. घ्यायचाच ठरला तर हौद्यावर सांगाडा करून त्यावर बसवा, वजन खाली येतं. पण बरोबर सत्तरीची आई असेल, तिला रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर अंधारात शिडी चढ-उतर करायला लावू नका. तिला हौदाच बरा.

आता ज्यासाठी हात जोडून सांगतो ते. बंद गाडीत, बंद कॅनपीत, बंद तंबूत काहीही जळतं ठेवून झोपू नका. इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून झोपू नका. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे खोली बंद करून गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक मरण पावले, त्यात लहान मुलंही होती. डिसेंबर 2024 मध्ये केरळातच वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा वायू आत शिरला होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. शेगडीतले कोळसे लाल होऊन धूर थांबला की लोकांना वाटतं आता भीती नाही, आणि ते शेगडी आत घेतात. धूर थांबला तरी हा वायू येतच राहतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि ते प्रवासाच्या थकव्यावर ढकललं जातं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. कॅनपी असेल तर तो घेतल्याशिवाय आत झोपू नका. स्वयंपाक बाहेर, शेकोटी बाहेर, डासांची कॉइलही बाहेर. थंडी वाजली तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी घ्या.

चालत्या गाडीच्या हौद्यात कुणालाही झोपू देऊ नका, मुलं कितीही हट्ट करोत. ऑगस्ट 2025 मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप उलटून कितीतरी जणींचा जीव गेला, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे.

जागेबद्दल थोडंच. किनाऱ्यावर वाळूत गाडी लावून झोपू नका, भरतीचं पाणी रात्री चाकांपर्यंत येतं आणि मग गाडी ट्रॅक्टरनेही निघत नाही. काजवे बघायला मे-जूनमध्ये जाल तेव्हा विजा असतात. कडकडाट सुरू झाला की हौद्यातून, टपावरच्या तंबूतून उतरून केबिनमध्ये या, काचा वर करा, आतल्या लोखंडाला हात लावू नका. उतारावर डोकं वरच्या बाजूला ठेवा आणि चाकांना दगडाची उटी लावा. मनालीहून लेहकडे जाताना सरचूला, म्हणजे सुमारे 4,300 मीटरवर, पहिलाच मुक्काम करू नका. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे, आणि उत्तम बिछानाही त्यापुढे कामाचा नाही.

काहीही विकत घेण्याआधी एक रात्र घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हौद्यात झोपा, घरच्या गाद्या-गोधड्या घेऊन. पहाटे चारला कुठे गार लागतं, कंबर कुठे टेकत नाही, उठून बसता येतं का, ते पाहा आणि लिहून ठेवा. हा पहिला हिवाळा फोम, घोंगडी, ताडपत्री आणि मच्छरदाणी एवढ्यावर काढा. फेब्रुवारीपर्यंत तुमच्या गाडीला कॅनपी हवी की फळी, की यातलं काहीच नको, हे तुम्हाला दुकानदारापेक्षा चांगलं कळलेलं असेल.