पहिला खर्च टायरवर
वॉरंटीतल्या, टर्बो नसलेल्या गाडीत पहिला बदल टायरचा करावा, रीमॅपचा (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचा) नव्हे. असं इंजिन वातावरणाच्या दाबावर येईल तेवढीच हवा घेतं. दाब वाढवायची सोयच नाही, म्हणून रीमॅपने ताकद जेमतेम वाढते आणि इंजिनाची वॉरंटी मात्र धोक्यात येते. टायरमध्ये कसली आली गंमत, असं कुणी म्हणेल. पण रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग, आणि पावसात घाटाच्या वळणावर ब्रेक दाबला की सगळी भिस्त त्यावरच. माप मात्र कंपनीने त्या मॉडेलला दिलेलंच घ्यावं. मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं आहे. हॉर्न बदलायचाच तर मूळ वायर न कापता जोडलं जाणारं कपलरवालं वायरिंग मागावं. कापून टेप गुंडाळलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकल क्लेम अडकलाच म्हणून समजा.